पाच लुगडी, चार चोळ्या आणि एक धोतर: एका बाळंतविड्याचं प्रकरण

घर कोल्हापूर जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या गावचं. मुलगा आणि सून नोकरीला शहरात. मुलाला त्याच्या आजीनं वाढवलेलं. ती दोन वर्षांपूर्वी गेली, आणि आता सुनेला दिवस गेलेले. आजीच्या ट्रंकेतली लुगडी बाळाच्या अंगाला लागावीत ही सगळ्यांचीच इच्छा होती. मुलाची मोठी बहीण, म्हणजे बाळाची होणारी आत्या, वैशाखात गाठोडं घेऊन माझ्याकडे आली. मागणी एका वाक्यातली होती: सगळ्या लुगड्यांची मिळून एक जाडजूड वाकळ शिवून द्या, बारशाला पाळण्यात घालायची आहे.

मी बाळंतविडे शिवते आणि मुलींना शिवण शिकवते. अशी मागणी माझ्याकडे वरचेवर येते. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण जुन्या कापडातून बाळासाठी शिवताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एकाच गाठोड्यात निघाल्या. शिवाय घरच्यांना ज्याचं अप्रूप होतं ते कापड आणि बाळाच्या उपयोगाचं कापड, ही दोन वेगळी निघाली.

गाठोड्यात होतं ते असं: रोज नेसायची दोन सुती नऊवारी पातळं, एक हिरवं इरकल लाल पदराचं, एक काळी चंद्रकळा, एक फुलाफुलांचं नायलॉनचं नऊवारी आणि खणाच्या चार चोळ्या. हे सगळं बांधलेलं होतं आजोबांच्या एका जुन्या धोतरात. धोतराचा उल्लेख आत्याबाईंनी केलाच नाही. त्यांच्या लेखी ते नुसतं बांधायचं फडकं होतं.

गाठ सोडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास आला, आणि पहिली गोष्ट मी बोलले ती त्याबद्दल. जुन्या ट्रंकेतल्या कपड्यांना हा वास असतोच, आपल्याला त्याची सवय झालेली असते, पण नवजात बाळाच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन कपड्यात मुरतं. काही बाळांमध्ये जन्मतःच जी-६-पी-डी नावाच्या विकराची कमतरता असते, आणि अशा बाळाच्या अंगाला नॅफ्थलीन मुरलेले कपडे लागले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ बळावू शकते. ही कावीळ मेंदूपर्यंत जाण्याइतकी तीव्र झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे आधी कुणाला ठाऊक असणार? म्हणून नियम सरसकट पाळायचा: गोळ्यांच्या वासाचं कापड बाळाजवळ न्यायचं नाही. आधी गरम पाण्यात साबणाने पुन्हा पुन्हा धुवायचं, दोरीवर मोकळं पसरून उन्हावाऱ्यावर टाकायचं, आणि नाकाला लावून वास पूर्ण गेला अशी खात्री झाल्यावरच कातरी हातात घ्यायची. अत्तर किंवा सुगंधी पावडर मारून वास झाकला की काम झालं असं नाही. नॅफ्थलीन कपड्यातच राहतं.

इथे घरातली एक रीत उपयोगी पडली. आजीची धाकटी जाऊ अजून खणखणीत आहे. तिनं निरोप धाडला होता, "पोर हाताला लागल्याबिगर कातरी लावायची न्हाई." बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं शिवायचं नाही, हे आपल्याकडे अनेक घरांत पाळतात. सून जरा नाराज होती, ऐनवेळी धांदल होईल म्हणून. मला मात्र हे सोयीचं वाटलं. बाळाची तारीख आषाढातली. आषाढात आमच्याकडे कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. कापायचं नसलं तरी धुण्याला, वाळवण्याला आणि पारखण्याला कुणाची आडकाठी नव्हती, आणि त्यासाठी वैशाखाच्या उन्हासारखं दुसरं काही नाही. म्हणून काम दोन टप्प्यांत पाडलं. उन्हाळ्यात कापड तयार करायचं, बाळ आल्यावर शिवायचं.

पारख करताना मी तीन गोष्टी बघते: कापड कशाचं आहे, त्यात जीव किती उरलाय आणि रंग सुटतो का.

कशाचं आहे हे कळायला कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळायचा. सुती धागा कागदासारखा वास देत भुरूभुरू जळतो आणि राख बोटात विरते. अस्सल रेशीम केस जळल्यासारखा वास देतं. नायलॉन किंवा पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. फुलाफुलांच्या लुगड्याचा अर्थातच मणी झाला. पंचाईत झाली ती इरकलच्या पदराची. घरात सगळे त्याला रेशमी पदर म्हणत होते, आत्याबाईंना त्याचा अभिमान होता. धागा जाळला तर कागदाचा वास. दिसायला रेशमासारखं आणि जळायला सुतासारखं, म्हणजे ते कृत्रिम रेशीम, रेयॉन. इरकलच्या विणीत अंगाचे धागे आणि पदराचे धागे वेगळे असतात, ते माग चढवताना एकमेकांत अडकवून जोडतात. त्यामुळे अंग सुती आणि पदर रेशमी किंवा रेयॉनचा, असं एकाच लुगड्यात सर्रास असतं. रेयॉनची खोड अशी की ओलं झालं की त्याचा जोर कमी होतो. कोरडं असताना टिकणारं कापड रोज धुवून पिळलं की उसवायला लागतं. बाळाचं कापड तर रोजच धुतलं जातं. तेव्हा पदर बाळाच्या रोजच्या वापरातून बाद.

जीव बघायची रीत सोपी आहे. कापड उजेडासमोर धरायचं, मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून उभ्या आणि आडव्या धाग्यांवर ताण द्यायचा. बारीक चर्र आवाज आला तर तो भाग सोडायचा. नऊवारी सगळीकडे सारखी विरत नाही. काष्ट्याचा भाग दोन पायांमधून मागे खोचला जातो, बसता-उठता घासतो, तिथे आधी जाळी पडते. घोट्याजवळचा खालचा काठ जमिनीवर घासून झिजतो. खांद्यावरचा पदर त्या मानाने शाबूत असतो. या दोन पातळांपैकी एकाचा मधला हात-दीड हात भाग उजेडात चाळणीसारखा दिसला. तिथे मी खडूने फुली मारली. विद्यार्थिनींना मी नेहमी सांगते, आधी फुल्या मारा, मग नकाशा काढा. नाहीतर झबल्याची पाठ नेमकी विरलेल्या जागी येते.

रंगासाठी पांढरं मलमल ओलं करून लुगड्याच्या कोपऱ्यावर ठेवायचं आणि वरून गरम इस्त्री दाबायची. पातळांचा रंग उतरला नाही, किती वर्षं धुतली गेली होती ती. इरकलचं हिरवं अंगही स्वच्छ निघालं. चंद्रकळेनं मात्र मलमल निळंकाळं केलं. पुन्हा धुतली, पुन्हा तपासली, तरी तेच. खणाच्या काळ्या चोळीचाही थोडा रंग आला, लाल आणि जांभळ्या चोळ्या ठीक होत्या. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का करू, असं आत्याबाई म्हणाल्या. घरोघरी हे करतात, पण बाळाच्या कपड्यासाठी मी त्यावर विसंबत नाही. बाळ कापड चोखतं, त्याच्या अंगावर लाळ, घाम, मूत सतत असतं, आणि अशा ओलाव्यात अर्धवट धरलेला रंग सुटतो. रंग सुटणारं कापड बाळाला नाही, एवढं सरळ धोरण मी ठेवलं आहे.

आता धोतराची गोष्ट. गाठोडं सोडल्यावर ते मी बाजूला घडी करून ठेवलं होतं. पारखायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की सगळ्या पसाऱ्यात खरं मोलाचं कापड हेच. बिनरंगाचं, सुती, तलम. आकसून आकसून जितकं आकसायचं तितकं आकसलेलं, धुऊन धुऊन हाताला सायीसारखं लागणारं. नवीन मलमल आणलं तरी आधी धुवून खळ काढावी लागते, ते पहिल्या एक-दोन धुण्यांत आकसतं, आणि तरी एवढं मऊ होत नाही. पाच वारी धोतरात फक्त एका टोकाला फाटलेलं होतं. मी आत्याबाईंना बोलावून त्यांच्या हातात एका बाजूला इरकल आणि दुसऱ्या बाजूला धोतर दिलं आणि म्हटलं, डोळे मिटून सांगा, बाळाच्या अंगाला आधी काय लावाल? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आजोबांचं काही ठेवलंच नाही म्हणून रडत होतो आम्ही."

तिथून पुढे बोलणं सोपं झालं. एका वाकळेचा आग्रह मागे पडला आणि कोणत्या कापडाचं काय, हा नकाशा आम्ही बसून ठरवला.

जाड वाकळ पाळण्यात नको, याची दोन कारणं मी दिली. पहिलं सुरक्षिततेचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना अंथरूण सपाट आणि घट्ट असावं, बाळ पाठीवर असावं आणि जवळ सैल पांघरूण, उशी, जाड मऊ गोधडी नसावी, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये पुन्हा बजावून सांगितलं आहे. तोंडावर आलेलं पांघरूण बाजूला करणं तान्ह्या बाळाला जमत नाही. दुसरं कारण आषाढाचं. पाच-सहा पदरांची वाकळ भिजली की आमच्या पावसात आतून वाळत नाही, वरून कोरडी लागते आणि आत कुबट वास धरते. बाळ तर दिवसातून किती वेळा भिजवणार. म्हणून वाकळ करायची ती जमिनीवर अंथरायची, जागेपणी बाळाला पालथं घालायला, आणि फक्त तीन पदरांची.

बाळ तारखेच्या आधीच आलं, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. मुलगी. दवाखान्यात आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून ठेवायला सांगितलं होतं, कांगारू पद्धत म्हणतात तीच. कमी वजनाच्या बाळाला त्यानं ऊब टिकते, दूध ओढायला मदत होते. निरोप आला आणि त्याच दिवशी कातरी लावली. नेहमीच्या मापाचं झबलं या बाळाला पोतं झालं असतं. शिवाय कातडीला कातडी लागायची तर झबलं पुढून पूर्ण उघडं हवं.

धोतरातून झबली काढली ती अशी: कापड खांद्यावर दुमडायचं, म्हणजे खांद्याला शिवण येत नाही. बाह्या अंगाबरोबरच कापायच्या, वेगळ्या जोडायच्या नाहीत. पुढचा भाग मधोमध उघडा, एक पाखी दुसऱ्यावर दोन इंच चढणारी. लांबी आठ इंच. गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, तीही धोतराचीच. पाखी बांधायला कापडाचेच बंद, चार बोटांहून लांब नाहीत, आणि ते बगलेकडे बांधायचे, गळ्याशी नाहीत. शिवणीची माया, म्हणजे शिवणीपलीकडे उरणारी कापडाची कड, बाहेरच्या अंगाला ठेवली. नेहमीच्या नजरेला झबलं उलटं घातल्यासारखं दिसतं, पण एवढ्या नाजूक कातडीला आतून काहीच टोचत नाही. मशीनला अकरा नंबरची सुई आणि सुती दोरा. पॉलिएस्टर दोरा जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो, ताण आला की दोरा तुटायच्या ऐवजी कापडच कापतो. हे झबल्यापासून वाकळेपर्यंत सगळ्या जुन्या कापडाला लागू आहे. सहा झबली निघाली. दोन ठरल्या मापाची, बाकी टप्प्याटप्प्याने मोठी.

लंगोट मी शिवून दुहेरी केले नाहीत. धोतराचे आणि चांगल्या पातळाचे दोन-दोन फुटांचे चौकोन कापले, कडा बारीक दुमडून शिवल्या, बस्स. वापरताना त्रिकोणी घडी घातली की दोन पदर होतात, धुतल्यावर उलगडून टाकला की एकच पदर वाळायचा राहतो. पावसाळ्यात हा फरक फार मोठा आहे. नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली दुमडायची, हे सुनेला दाखवून दिलं. पातळांच्या उरलेल्या भागाची बाळोती आणि दोन दुपटी झाली.

कुंची हा आत्याचा मान, त्यांच्या घरी ती आत्यानेच आणायची. खणाच्या लाल आणि जांभळ्या चोळ्या उसवून तिचं कापड काढलं. चोळीच्या तुकड्यांतून सलग कुंची निघत नाही, म्हणून डोक्याचा भाग लाल आणि पाठीवरचा घेर जांभळ्या-लाल कळ्यांचा केला. खणाच्या उलट्या अंगाला बुट्ट्यांचे धागे मोकळे असतात. बाळाचं बोट अशा धाग्यात अडकलं आणि पीळ बसला तर बोटाचं रक्त अडू शकतं. डॉक्टरांनी असा धागा किंवा केस भिंगाखाली कापून काढल्याची प्रकरणं होतात, तेव्हा हा भित्रेपणा समजू नये. आतून सगळीकडे धोतराचं अस्तर लावलं, एकही धागा उघडा ठेवला नाही.

कुंचीला हनुवटीखाली नाडी, पाठीवर गोंडे, टोकाला घुंगरू, ही रीत आहे. इथे मी अडून बसले. लहान मुलांच्या कपड्यांसाठीच्या युरोपीय मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या टोपीला आणि गळ्याला नाडी मुळीच चालत नाही, कारण ती अडकते आणि आवळते. आपल्याकडे पाळण्याची दोरी, खुंटी, दाराची कडी सगळं हाताशी असतं, मग तो नियम आपल्याला लागू नाही असं का मानायचं? नाडीच्या जागी रुंद पट्टी आणि चिकटपट्टी (व्हेल्क्रो) लावली. ओढ बसली की ती आपोआप सुटते. चिकटपट्टीची काटेरी बाजू खालच्या पट्टीच्या बाहेरच्या अंगाला शिवली, म्हणजे उघडी राहिली तरी हनुवटीला लागत नाही. घुंगरू आणि मणी साफ नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी मोजायचं नळकांडं ३१.७ मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यात मावेल ती वस्तू घशात अडकण्याच्या जातीची. घुंगरू त्यात सहज मावतं.

आत्याबाई खट्टू झाल्या. गोंड्याशिवाय कुंची बोडकी दिसते हे त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं. तेव्हा खणाचे छोटे चौकोन त्रिकोणी दुमडून एकावर एक रचले आणि पाठीच्या टोकाला शिवणीतच धरले. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, कोपऱ्यांना असे कापडी त्रिकोण लावतात, त्यावरून सुचलं. शिवणीत धरलेलं असल्यामुळे ते ओढून निघत नाहीत आणि दिसतात मात्र झोकदार. बारशात सगळ्यात जास्त बोललं गेलं ते त्या त्रिकोणांबद्दल.

वाकळ सगळ्यात शेवटी. खाली इरकलचं हिरवं अंग सलग, मध्ये पातळाचा एक पदर, वर पातळाचे तुकडे आणि हिरव्याच्या पट्ट्या. फुलीचा विरलेला भाग वाकळेतसुद्धा वरच्या पदरात घेतला नाही, मधल्या पदरात घातला. तिथे त्याला घर्षण नाही आणि दोन्हीकडून आधार आहे. आधी लांब कच्चे टाके घालून तिन्ही पदर ताणून बसवले, मग कडेपासून सुरू करून चौकोनातच आत आत जाणारा धावदोरा. दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. मधूनच सुरुवात केली तर कडेला कापड फुगतं आणि कोपरे बसत नाहीत. हे काम धाकट्या जाऊबाईंनी निम्मं स्वतः केलं, अंगुस्तान न घालता. त्यांचा टाका माझ्यापेक्षा लहान आणि सरळ आहे. मशीनवर हेच तासाभरात झालं असतं, पण मशीनची शिवण जुन्या कापडाला दाट भोकं पाडते आणि वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हाताचा टाका थोडा सैल राहतो, म्हणून वाकळ अंगाखाली वळते.

उरलेल्या तीन गोष्टी. इरकलचा पदर कापलाच नाही. तो अखंड राहिला आणि बारशाला पाळण्याच्या बाहेरच्या लाकडावरून सोडला, बाळाच्या हाताला लागणार नाही असा. चंद्रकळा चांगल्या स्थितीत होती. ती कशाला कापायची? आत्याबाईंनी ती बारशाला नेसली. नायलॉनच्या लुगड्यावर मुलाचा फार जीव होता, कारण भिंतीवरच्या फोटोत आजी तेच नेसली आहे. नायलॉन घाम शोषत नाही आणि आगीजवळ वितळून कातडीला चिकटतं, तेव्हा बाळाच्या अंगावर ते घालायचा प्रश्नच नव्हता. पण ते चटकन वाळतं आणि चिवट असतं. त्याची बाहेर जाताना लंगोट-बाळोती ठेवायची पिशवी केली, ओल्या कपड्यांचा कप्पा वेगळा. मुलगा ती खांद्याला लावूनच फिरतो.

श्रावण संपता संपता सगळे कपडे मी पुन्हा मागवून बघितले. धोतराची लहान दोन झबली तोकडी झाली होती, पण शिवण कुठे उसवली नव्हती. एका बंदाचं टोक विरलं होतं, तिथे दुहेरी टाका घातला. लंगोट पावसातही वेळेवर वाळत होते. वाकळेच्या एका कोपऱ्यात हिरव्या पट्टीचा धागा उचकला होता, बाळाची आई रोज तिथेच धरून झटकते म्हणून. कोपऱ्यांना उरेब पट्टी लावून दिली. कुंचीची चिकटपट्टी धाग्यांनी भरली होती. ती दातरी फणीने साफ करायची आणि धुताना बंद करून टाकायची, हे सांगितलं.

मजुरीबद्दल एक गोष्ट इतर शिवणाऱ्या बायकांसाठी लिहिते. या कामात शिवण्यापेक्षा पारखणं, धुणं, उसवणं आणि समजावणं यालाच जास्त वेळ गेला. पूर्वी मी नगावर पैसे घ्यायचे, आता जुन्या कापडाच्या कामाला पारखणावळ वेगळी लावते आणि आधीच सांगते. घासाघीस होत नाही, उलट लोक गाठोडं सोडताना थांबून बसतात आणि प्रत्येक लुगड्याचं काय होतं ते सांगतात. त्यातूनच कळतं की कोणतं कापायचं आणि कोणतं नाही. या घरचं धाकटं झबलं आता तोकडं झालंय, ते पुढच्या कमी वजनाच्या बाळासाठी माझ्याकडे ठेवून घ्या म्हणून आत्याबाईंनी धुवून आणून दिलं आहे. मी त्यात डांबरगोळ्या न घालता वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवलंय.